पाषाण विभाग

दिवसातून साठ वेळा मरून संध्याकाळी डबा विसळून बस पकडणारा माणूस मी पाहिला आहे. नाव दीनानाथ खळदकर, वय चोपन्न, राहणार नारायण पेठ. मी त्यांची वरिष्ठ, वयाने अकरा वर्षांनी लहान, आणि ते मला शेवटपर्यंत मॅडम म्हणत राहिले. मला ते मुळीच आवडायचं नाही. तसं मी त्यांना दोनदा सुनावलंही. त्यावर ते म्हणाले, "बरं मॅडम."

आमची कंपनी खराडीत. संगणकावर खेळायचे खेळ आम्ही बनवतो. त्या वर्षी एका मोठ्या खेळाचं काम चालू होतं. जादू, राक्षस, टोळ्या, लढाया, सगळा मसाला त्यात होता. खेळणारा सुरुवात करतो ती गुहेतला माणूस म्हणून. अंगावर कातडं, हातात दगडी कुऱ्हाड. मग हळूहळू त्याला कांसं मिळतं, लोखंड मिळतं, शेवटी पोलाद. आमच्याकडे बहुतेक सगळे मराठीच असल्यामुळे या टप्प्यांना आपोआप मराठी नावं पडली. पाषाण, कांस्य, लोह, पोलाद.

घोडं अडलं होतं पाषाणात. कातड्यातला माणूस लोखंडवाल्यासमोर आला की चार वारांत आडवा व्हायचा. खेळून बघायला बोलावलेली माणसं वैतागून उठून जायची. वरून फर्मान आलं की कातडं, हाड, लाकूड, गवत आणि दगड एवढ्यातूनच असं चिलखत शोधून काढा, जे लोखंडी तलवारीचे बारा वार सोसेल. बारा वारांत माणसाला निदान पळून तरी जाता येतं. एप्रिलअखेरपर्यंत असं काही सापडलं नाही, तर पाषाण हा टप्पाच काढून टाकायचा.

याला माणूस हवा होता आणि आमच्या पोरांना ते काम नको होतं. एका रिकाम्या मैदानात दोन माणसं समोरासमोर उभी करायची. एकाच्या अंगावर लोखंड, त्याच्या हातात तलवार. दुसरा आपला. आपल्याला नवंनवं चिलखत घालायचं, वार सोसायचे, मरायचं, कितव्या वाराला मेलो ते लिहायचं. हेच दहादा. मग चिलखत बदलायचं. मुलाखतीला आलेल्या पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत तोंडं वाकडी केली. खळदकर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, चष्म्याला दोरी लावून. भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं माल तपासला होता. तो कारखाना बंद पडला आणि गेले चौदा महिने ते घरी होते. मी स्पष्टच विचारलं, "अहो, तुम्हाला हा पोरखेळ जमणार आहे का?"

"कुठली वस्तू कितव्या घावाला फुटते, एवढंच मी आयुष्यभर बघत आलोय मॅडम," ते म्हणाले. "ती वस्तू खरी आहे की खोटी, याने मोजण्यात काय फरक पडतो?"

मी त्यांना सहा महिन्यांच्या करारावर घेतलं.

पहिल्याच दिवशी घरी गेल्यावर त्यांची पंचाईत झाली. ती त्यांनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी, डबा खाता खाता सांगितली. घरी वडील होते, आप्पासाहेब. वय ब्याऐंशी, खुबा मोडून दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, पण जीभ शाबूत. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. भरणी विभागात, म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरतात तिथे. मुलगा घरी बसल्यापासून आप्पा त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय काम आहे?"

"हत्यारं आणि चिलखतं तपासायची."

आप्पा उशीवरून मान उचलून बघायला लागले. "कुठला विभाग?"

"पाषाण," खळदकर म्हणाले.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण पुण्यात हत्यारांचं नाव काढून वर पाषाण म्हटलं, की ऐकणारा काय समजणार? पाषाणला संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "आता पुढे काही विचारणार नाही. मला माहिती आहे, बोलायची परवानगी नसते." खळदकरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बायकोने, सुनीतीताईंनी, त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि ताट वाढलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी म्हटलं.

"चौदा महिन्यांनी माझ्याकडे नीट बघत होते हो ते."

मी माझ्या डब्यातली चटणी त्यांच्यापुढे सरकवली. एरवी मी असं कुणाला सोडत नाही.

आप्पांनी पुढचं काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण रोज एक प्रश्न विचारायची मुभा त्यांनी स्वतःला दिली. संध्याकाळी मुलगा घरात शिरला की ते विचारायचे, "आज किती?" आणि खळदकर आकडा सांगायचे. चार. पाच. हाडांच्या पट्ट्या शिवल्या तेव्हा सहा. एकदा आप्पांनी नियम मोडून विचारलं की पोलाद असताना हे कातड्याबितड्याचं काय चाललंय. खळदकर म्हणाले, साध्या साहित्यावर प्रयोग आहे. आप्पांनी त्याचा अर्थ आपला आपण लावला. जवानांना हलकं चिलखत हवं असणार, डोंगरावर चढताना वजन नको. मग ते म्हणाले, "आणि बारा झाले की जवान वाचतो, असंच ना?"

"हो," खळदकर म्हणाले. आता मात्र ते खोटं बोलले होते.

हे प्रकरण चार भिंतींत राहतं तरी निभावलं असतं. पण दुपारी कुणी चौकशीला आलं की आप्पा डोळे बारीक करून म्हणत, "पाषाणला आहे. जास्त बोलता येत नाही." अख्ख्या इमारतीला ते कळलं. जानेवारीत सोसायटीचे चिटणीस घरी आले. दर वर्षी झेंडावंदन एका निवृत्त कर्नलच्या हस्ते होत असे, ते मुलीकडे बंगळूरला गेले होते. या वेळी मान खळदकरांचा. खळदकरांनी नाही म्हणायचा प्रयत्न केला, तर तो त्यांचा विनय ठरला. सव्वीस जानेवारीला आप्पांची खुर्ची चौघांनी उचलून गॅलरीत आणली. खळदकरांनी दोरी ओढली, झेंडा फडकला, वरून आप्पांनी सलाम ठोकला. खळदकर जिना चढून वर आले, सरळ मोरीत गेले आणि दोरी ओढलेले हात साबणाने दोनदा धुतले.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. मी विचारलं, बरं नाही का. म्हणाले, बरं आहे मॅडम. आणि संध्याकाळपर्यंत नव्वद वेळा मेले.

फेब्रुवारीत नवावर आलो आणि तिथेच थांबलो. दुहेरी कातडं, वर हाडं, हातात वेताची ढाल. नऊ. ढाल मोठी केली, नऊ. कातड्याखाली गवत भरलं, साडेआठ. लाकडी फळ्या छातीवर एकीशेजारी एक उभ्या बांधून पाहिल्या तर आठच वारांत मधोमध चीर. खळदकरांनी शंभर पानांच्या तीन वह्या भरल्या. आमच्या पोरांना त्यांची गंमत वाटायची, कारण माणूस मेला की ते आकडा लिहायच्या आधी पडद्याजवळ तोंड नेऊन कुठून फाटलंय ते बघायचे. चौथ्या बोटाने चष्मा वर सारायचे आणि पुटपुटायचे, "परत खांद्यातून."

मार्च असाच गेला. एप्रिल लागला तसे ते डबा अर्धा ठेवायला लागले. मी एक दिवस म्हटलं, "खळदकर, बारा आणा. पुढच्या कराराचं मी वर बोलते. माझा शब्द." असले शब्द मी सहसा देत नाही. त्या दिवशी दिला, कारण अर्धा डबा मला बघवेना.

शेवटचा शुक्रवार अठ्ठावीस तारखेचा. बुधवारी संध्याकाळी ते घरी गेले तेव्हाही नऊच होते. आप्पांनी विचारलं, "आज किती?"

"नऊ."

"दोन महिने झाले नऊ," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "तिकडे त्या पोरांचं काय होत असेल? नवाच्या पुढे त्यांनी काय करायचं रे दीना? त्यांना घरदार नाही?"

खळदकर पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "आप्पा, जवान नाहीयेत. कुणीही नाहीये. खेळ आहे. मुलं खेळतात तो, संगणकावरचा. मी खराडीला जातो. पाषाण म्हणजे दगड, आप्पा. दगडाचा टप्पा."

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चहा तसाच राहिला, भात तसाच राहिला. गुरुवारी सकाळी खळदकरांनी अंग पुसून दिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गुरुवारी ऑफिसात खळदकरांनी फक्त बारा लढाया केल्या. बाकी वेळ ते मैदानातल्या त्या उभ्या माणसाकडे बघत बसले होते. मी दोनदा त्यांच्यामागून गेले आणि दोन्हीदा काहीच न बोलता परत आले. मला भीती वाटत होती, खरं सांगायचं तर. हा माणूस संध्याकाळी घरी न जाता भलतीकडेच जाईल अशी.

शुक्रवारी ते आले ते धावतच. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, फळ्या आडव्या होतात का?"

"म्हणजे?"

"लाकडाची रेषा फिरवता येते का आपल्याकडे? एक थर उभा, एक थर आडवा?"

फिरवता येत होती. खेळात प्रत्येक वस्तूची दिशा बदलायची सोय होती, पण ती नुसती शोभेची आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लाकडाची ताकद रेषेप्रमाणे बदलते हे खेळ बांधणाऱ्या कुणा मन लावून काम करणाऱ्या माणसाने आत घालून ठेवलं होतं आणि सांगायला विसरला होता.

"हे सुचलं कुठून?"

मग त्यांनी सांगितलं. सकाळी ते आप्पांची दाढी करत होते. दोन्ही गालांना फेस, मानेपाशी वस्तरा, त्यामुळे आप्पांना भिंतीकडे वळता येत नव्हतं. एक गाल झाला आणि आप्पा म्हणाले, "खोकी."

"काय आप्पा?"

"मी खोकी ठोकायचो. दारूगोळा भरायची खोकी. सुतार होतो मी. भरणी विभागाच्या दारातसुद्धा मला कधी जाऊ दिलं नाही. तेहतीस वर्षं." जरा थांबून म्हणाले, "तुझ्या आजोळी भरणी सांगितलं होतं, लग्न ठरताना. मग तेच चालू राहिलं. गुप्त आहे म्हटलं की कुणी विचारत नाही."

खळदकरांच्या हातातला वस्तरा थांबला. आप्पा म्हणाले, "फळ्या सगळ्या एका रेषेत ठोकल्या की एका दणक्यात उभी चीर जाते. एक थर उभा, एक आडवा, मध्ये गोणपाट. ट्रकवरून पडलं तरी आमचं खोकं फुटायचं नाही. लाकडाचं काही अडलं असेल तर बघ. नसेल तर राहू दे." आणि दुसरा गाल पुढे केला.

हे सांगताना खळदकर रडत होते. मीही काही फार शहाण्यासारखी वागत नव्हते.

आमच्या खेळात गोणपाट नव्हतं. गवताची चटई होती. खळदकरांनी उभ्या फळ्या, चटई, आडव्या फळ्या असं रचलं, दोरीने आवळलं आणि माणूस उभा केला. त्यांच्या खुर्चीमागे पोरं जमली. नववा वार पडला, माणूस उभा. दहावा. अकराव्याला तो गुडघ्यावर आला आणि खळदकरांनी डोळे मिटून घेतले, म्हणून पुढचे मी मोजले. बारा. तेरा. चौदाव्याला पडला. दहादा करून बघितलं, दहा वेळा तेरा किंवा चौदा. पोरांनी खुर्चीसकट त्यांना गोल फिरवलं.

त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. "आप्पा, चौदा."

पलीकडून आप्पा इतक्या मोठ्याने बोलले की आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "खिळे कुठले वापरलेस?"

"खिळे नाहीत आप्पा. दोरीने बांधलंय."

"बरं केलंस. खिळ्याने फळी फाटते."

मी त्याच पावली वर गेले. वीस मिनिटांची बैठक झाली, निम्मे लोक पडद्यावर. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी म्हटलं, खळदकरांचा करार वाढवायचा आहे. त्यावर एक जण म्हणाला, पण पाषाण आता झालं ना? पुढचे टप्पे तपासायला आपण एक प्रोग्राम विकत घेतोय, तो दोन हजार लढाया पंधरा मिनिटांत करतो. मी भांडले. मी बरी भांडते, असं माझ्या घरचे सांगतात. उपयोग झाला नाही. कागदावर विभागप्रमुखाची सही लागते, म्हणजे माझी. मी राजीनामा देऊ शकले असते. दिला नाही. सही केली.

साडेपाचला खळदकरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. माल पास झाला की तपासणाऱ्याचं काय काम?" त्यांनी डबा विसळला, पिशवीत टाकला आणि निघाले. दारापाशी वळून म्हणाले, "तुम्ही बोललात वर, त्याबद्दल आभारी आहे." त्यापेक्षा त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटची वही टेबलावर राहिली होती. मी तीन आठवडे ती खणात ठेवली. रोज खण उघडायचे आणि बंद करायचे. शेवटी एका मंगळवारी रजा टाकली आणि अकराच्या सुमाराला नारायण पेठेत गेले. दुसरा मजला, दार नुसतं लोटलेलं. आत पलंगावर आप्पा, दाढी गुळगुळीत केलेली.

"कोण?"

"मी हेमा जोगळेकर. खराडीहून आलेय. खळदकर आहेत का?"

"दीना? तो कामावर गेला की. आठ दहाला, रोजच्यासारखा. डबा घेऊन." आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही त्याच्या मॅडम ना? मग तो कुठे आहे ते तुम्हालाच ठाऊक असायला हवं."

मी दारातच उभी राहिले. रोज आठ दहाला, डबा घेऊन. तीन आठवडे. आपल्या बापाने इतक्या वर्षांची गाठ सोडून हातात दिली, आणि त्याच संध्याकाळी या माणसाला घरी येऊन नोकरी गेली म्हणून सांगायचं होतं. नसेल सांगवलं. मला तरी सांगवलं असतं का?

"मी आज रजेवर आहे," मी म्हटलं. "इकडे काम होतं. त्यांची वही माझ्याकडे राहिली होती, म्हटलं देऊन जावी."

"वहीशिवाय काम कसं करतोय तो?"

"नवीन दिलीय."

आप्पांनी मान हलवली. वही छातीवर ठेवून घेतली आणि पानं उलटायला लागले. शेवटच्या पानावर चौदा हा आकडा दोन रेघांच्या मध्ये लिहिला होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"अजून पाषाणातच आहे ना?"

"हो," मी म्हटलं. "पाषाणातच आहेत."

"आणि काल किती झाले? मला म्हणाला, अजून चालू आहे. आकडाच सांगत नाही हल्ली."

मी आयुष्यभर लोकांना तोंडावर खरं बोलून दुखावत आले. त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मी म्हटलं, "सोळा."

"सोळा!" आप्पा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले आणि ते हसले. दात नसलेलं, अख्खं तोंडभर हसू. "चौदावर थांबणार नाही तो, मला माहिती होतं. थर वाढवला असणार."

सुनीती येईल, चहा घेऊन जा, असं आप्पा म्हणाले, पण मी थांबले नाही. जिना उतरून खाली आले, एका मोटारसायकलीला टेकून उभी राहिले आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने त्यांनी उचलला. मागे बसचे भोंगे ऐकू येत होते, कुणीतरी मनपा, मनपा म्हणून ओरडत होतं.

"खळदकर, मी हेमा. तुमच्या घरून बोलतेय, म्हणजे खालून. वही दिली आप्पांना." मी घाईघाईने म्हटलं, "काही बोलले नाही मी. फक्त संध्याकाळी त्यांनी विचारलं तर सोळा सांगा. मी सोळा सांगितलंय."

बस निघून गेल्याचा आवाज झाला. मग खळदकरांचा आवाज आला, अगदी हळू.

"सोळा कशात, मॅडम?"

"तिहेरी फळी," मी म्हटलं. "मध्ये दोन चटया."

"थांबा," ते म्हणाले. "लिहून घेतो."